गंगीला ताप आला नाही

स्कॉटलंड

प्रिय आई,

लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. थंडीला तुझी गोधडी पुरते. आपल्या खांब गावी सगळे बरे ना? आप्पांचा खोकला थांबला का? नसेल तर त्यांना दवाखान्यात ने, मला फोनवर खोटं सांगू नकोस.

शेजारच्या काकी विचारतात ना, "तुझी पोर तिकडं डुकरांत काय करते गो?" आता त्यांना खुशाल सांग. इथल्या डुकरांना एका विषाणूचा रोग होतो, पिल्लं धापा टाकत मरतात. तो विषाणू शरीरातल्या पेशींत ज्या दारातून शिरतो, ते दारच आम्ही इथल्या प्रयोगशाळेत जनुकात बदल करून बंद केलं. अशी पिल्लं जन्मली. त्यातलं एक अशक्त होतं, ते मी बाटलीनं दूध पाजून वाढवलं. नाव गंगी ठेवलं. आत्याला सांगू नकोस, तिचंच नाव आहे.

गेल्या महिन्यात, तिला रोग लागतो का ते पाहायला, गंगीला रोगी डुकरांत सोडायचं ठरलं. फाटकाची कडी मीच लावली. नंतर बरेच दिवस घास गोड लागला नाही.

काल तपासणीचा निकाल आला. तिच्या रक्तात विषाणू नाही, अंगात ताप नाही.

आमच्याकडे डेव्हिड म्हणून सत्तरीचे कामगार आहेत. याच रोगात त्यांची सगळी डुकरं गेली, तेव्हापासून ते दुसऱ्यांची राखतात. निकाल त्यांनीही ऐकला. संध्याकाळी मी त्यांच्या घरावरून गेले, तर ते मागची डुकरांची रिकामी शेड झाडत होते. मला पाहून म्हणाले, "अजून एक झाडू आहे."

मग दोघांनी मिळून झाडली.

तुझी लेक,
समीक्षा