प्रत्येक खुर्चीला एक ताट

३ मार्च
आमच्या सरकारी विमान कंपनीचे शेअर आता कुणालाही घेता येणार! सरकारनेच जाहीर केलं. नफ्याचा आकडा पेपरात दोनदा वाचला. आमच्या स्वयंपाकघरात विमानांसाठी ताटं भरणाऱ्या बायकासुद्धा हातातलं काम टाकून हिशेब करत बसल्या. दोन वर्षांपूर्वी सहा विमानं होती, आज एकतीस! मी तेव्हा सरकत्या पट्ट्यावर ताटांना झाकणं लावायचे, आज अख्ख्या पाळीची मुकादम. स्वतःलाच चिमटा काढावासा वाटतो.

४ मार्च
बाबांना फोन केला. चौतीस वर्षं भूगोल शिकवून जमवलेली पुंजी बँकेत नुसती पडून आहे. म्हटलं, इथे टाका. म्हणाले, मामाला विचारू. झालं! आईचा हा धाकटा भाऊ जन्मभर दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासत आला. हसऱ्या माणसाचाही त्याला संशय येतो.

७ मार्च
बाबा रात्रीच्या रेल्वेने आले, सगळे आमच्याकडे जमलो. मामाने कंपनीचा अहवाल आणला होता, पेन्सिलीने पार रंगवलेला. इंधन सवलतीत, विमानतळाचं भाडं माफ, विमानं सरकारी बँकेच्या कर्जावर – मग हा नफा कंपनीने कमावला की सरकारने तिच्या खिशात घातला? मी म्हटलं, लेकरू चालायला लागताना आपण हात धरतोच ना?
"एकतीस विमानांचं लेकरू आहे गं," मामा म्हणाला. बाबा खो खो हसले. मला असा राग आला!
मग त्याने विचारलं, विमानात माणसं बसतात किती? अहवालात तेवढंच नाही. मी टेबलावर हात आपटला. माझ्याकडे आहे तो आकडा! एकशे ऐंशी खुर्च्या. जायची एकशे ऐंशी ताटं, यायची एकशे ऐंशी, दोन्ही इथूनच चढतात. रोज, प्रत्येक विमानात, माझ्या सहीने. एकदाही एक कमी नाही!
मामाने चक्क पेन्सिल खाली ठेवली. बाबा माझ्याकडे बघत राहिले, जणू मी वर्गात पहिली आले होते.

८ मार्च
मामाला गप्प केलं! मी!

१० मार्च
सकाळी मामाचा फोन. आवाज मऊ. परत आलेली ताटं कधी मोजलीस का? म्हटलं, भांडी धुण्याचा विभाग धावपट्टीच्या पार पलीकडे, माझा काय संबंध? एकदा जाऊन ये, म्हणाला. हो म्हटलं.
गेले नाही. पाळीत दोघी रजेवर होत्या. पण खरं सांगायचं तर हरायचं नव्हतं.

१२ मार्च
शेअरच्या अर्जाचा शेवटचा दिवस. बाबा फोनवर म्हणाले, "तू आत काम करतेस. तू म्हणत असशील तर सगळे टाकतो."
टाका म्हटलं.
अर्ध्या तासात टाकलेसुद्धा! सगळे! पाळीभर गुणगुणत होते. आचारी म्हणाला, काय बाई, लग्नबिग्न ठरलं की काय? घरी दोन पोरं आहेत माझी!

१५ मार्च
शेअर मिळाले! मागितले तेवढे सगळेच्या सगळे! मामा म्हणतो, मागितले तेवढे मिळाले म्हणजे मागणारेच कमी होते. काय ही जीभ!
बाबा पुन्हा भेटायला येणार – या वेळी विमानाने, आपल्याच कंपनीच्या! आयुष्यात पहिल्यांदा. मालक म्हणून बसणार म्हणे. तिकीट मी काढलं, खिडकीजवळचं.

१९ मार्च
बाबा आले. बूटसुद्धा काढले नाहीत, दारातच सुरू झाले. अख्खी ओळ त्यांना एकट्याला मिळाली, पुढची रिकामी, मागचीही रिकामी. खुर्च्यांमधल्या दांड्या वर करून चक्क आडवे झाले. "हवाई सुंदरीने तीन ताटं दिली गं! म्हणाली, घ्या काका, एवढी उरलीत, फेकायचीच आहेत."
आम्ही ताटं खुर्च्या मोजून चढवतो, माणसं मोजून नाही. दोन वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नाही.
बाबा अजून सांगतायत, मालकाची काय बडदास्त ठेवली! मी हो हो म्हणतेय.