खरखरीत बाजू कोणीकडे?

५ मार्च, रविवार. सकाळी सात.

पिकअपचे पुढचे ब्रेक मी स्वतः बदलणार. पॅड आणि डिस्क, दोन्ही. निर्णय पक्का.

दोन महिने ब्रेक मारला की गाडी किंचाळत होती. मी रेडिओ मोठा करून ते आटोक्यात ठेवलं होतं. गेल्या आठवड्यापासून खर्रर्र असा आवाज येतो आणि तो रेडिओला ऐकत नाही. बायकोने गाडीत बसणं सोडलं. तिला आवाजाची ॲलर्जी आहे.

काल गॅरेजवाल्याने चाकामागे बॅटरी मारून पाहिलं. म्हणाला, साहेब, पॅड संपले, डिस्क गेल्या, दोन दिवस गाडी सोडा. मी म्हटलं, विचार करतो. ज्याला स्वतःची स्कूटर सुरू करायला दहा किका लागतात त्याने मला सल्ला द्यावा, ही या धंद्याची अवस्था.

घाईचं कारण: मुलीला नोकरी लागली. परगावी, चार तासांवर. सोमवारी वीस तारखेला हजर व्हायचंय. रविवारी एकोणीसला तिचं पलंग-टेबल-पुस्तकं असं सगळं घेऊन तिला मीच सोडणार. गाडी मुलीपेक्षा वर्षाने मोठी आहे. दवाखान्यातून तिला घरी आणलं ते याच गाडीतून. आता भाड्याच्या टेम्पोतून पाठवायची?

बायकोची अट: अठराच्या संध्याकाळपर्यंत ब्रेक धड झाले तर ठीक, नाहीतर टेम्पो. चौदा दिवस आहेत. मला दोन तास पुरतात.

६ मार्च, सोमवार.

सामान आणलं. दुकानदाराने विचारलं, बसवणार कोण? मी. याआधी कधी बसवलेत का? मी म्हटलं, तुम्ही पहिला पॅड विकलात त्याआधी किती विकले होते? त्याला कळलं नाही. काउंटरमागच्या माणसाची बुद्धी काउंटरएवढीच असते.

पॅडचा पुठ्ठ्याचा डबा मात्र छान आहे. मजबूत.

८ मार्च, बुधवार.

व्हिडिओ पाहिला. चाळीस मिनिटांचा होता, दुप्पट वेगाने पाहिला. मला लवकर कळतं. शेवटची दहा मिनिटं पाहिली नाहीत, मुद्दा आधीच लक्षात आला होता. हा माणूस पॅड बसवताना इतका वेळ घेतो की दया येते.

वेळापत्रक: पहिलं चाक एक तास, दुसरं अर्धा तास, मधे चहा.

११ मार्च, शनिवार. दुपार.

जॅक लावला, गाडी उचलली, पाना घेतला. नट सुटेना. पाना फिरवला की अख्खं चाकच फिरतं. गाडीच्या रचनेत मूलभूत दोष.

शेजारचे मास्तर कुंपणावरून बघत होते. म्हणाले, आधी गाडी जमिनीवर असताना नट सैल करायचे, मग उचलायची. तीस वर्षं भूगोल शिकवला या माणसाने. नद्या, पर्वत, मतलई वारे. नटांचा काय संबंध? मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नंतर जॅकला जरा विश्रांती म्हणून गाडी खाली घेतली. त्याच सुमारास नट सुटले. योगायोग.

मास्तर हसले नाहीत. पण हसले नाहीत ते मुद्दाम.

१२ मार्च, रविवार. दुपारी चार.

डावं चाक निघालं. मुलगी बॅटरी धरून उभी होती.

जुने पॅड काढले. एक विचित्र प्रकार: दोन्ही बाजूंनी नुसतं लोखंड. वरचा घासणारा मसाल्याचा थर म्हणून काही उरलाच नव्हता. त्यामुळे कोणती बाजू कुठे होती ते कळेना. नवीन पॅडला एक बाजू गुळगुळीत लोखंडी, दुसरी खरखरीत.

मुलगी म्हणाली, बाबा, खरखरीत बाजू डिस्ककडे असेल ना? मी तिला शांतपणे समजावलं. डिस्क नवी कोरी, आरशासारखी. तिच्यावर खरखरीत बाजू घासली तर ती खरवडली जाणार. म्हणून गुळगुळीतवर गुळगुळीत. खरखरीत बाजू आत, पॅड धरणाऱ्या कॅलिपरकडे, म्हणजे पॅड जागचा हलणार नाही. शिवाय पुरावा समोर आहे. जुन्या पॅडची लोखंडी बाजूच डिस्कला लागत होती आणि गाडी इतकी वर्षं चालली.

ती म्हणाली, डब्यावर चित्र आहे. मी म्हटलं, चित्रं काढतात डिस्क विकणारे, त्यांना डिस्क खरवडलेल्याच हव्या असतात. ती डब्याकडे बघत राहिली. पटलं असावं. पोरीला शिकवलं खूप, पण यंत्र समजायला वेगळी नजर लागते.

जुनी डिस्क गंजून चिकटली होती. हातोडा मारला. एकदा अंगठ्यावर. हातोड्याचा दांडा सदोष.

नव्या डिस्कवर तेलाचा हात होता. पुसला नाही. कंपनीने आपणहून दिलंय, राहू दे.

चहा पॅडच्या डब्यावर ठेवतो. उंची अगदी बरोबर आहे.

१४ मार्च, मंगळवार.

उजवं चाक झालं. वेळापत्रकापेक्षा दोन संध्याकाळी जास्त लागल्या. अंगठा सुजला नसता तर लागल्या नसत्या. काम मात्र असं झालंय की गॅरेजवाल्याने येऊन वही-पेन्सिल घेऊन बसावं.

बायकोने अंगठ्याला पट्टी बांधली आणि विचारलं, अजून किती बोटं शिल्लक आहेत? तिचा विनोद हा असा.

१६ मार्च, गुरुवार.

अंगणात चाचणी. पहिल्यांदा पेडल सरळ खाली गेलं. चार-पाचदा दाबल्यावर वर आलं. गाडी पुढे-मागे केली. थांबली. अंगण सपाट आहे हे मान्य, पण थांबली.

आवाज येतो. खणण्, आणि मागाहून खर्रर्र. कारण उघड आहे: पॅड आणि डिस्क दोघंही नवे, अजून एकमेकांशी ओळख नाही. दोन दिवसांत गट्टी जमेल.

बायको म्हणाली, अहो, एकदा गॅरेजवाल्याला दाखवा, तुमचं काय जातंय? माझं काय जातंय? सर्जनने आपलं ऑपरेशन कंपाउंडरकडून तपासून घ्यायचं का?

संध्याकाळी मुलगी येऊन बसली. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, टेम्पोवाल्याला नुसतं सांगून ठेवू का? मी विचारलं, तुझाही विश्वास नाही? ती म्हणाली, बाबा, मला तुमच्याबरोबरच जायचंय, पण पोचायचंही आहे.

हे तिने आईकडून उचललंय. मला लागलं. टेम्पोवाल्याला काही सांगायचं नाही, असं बजावलं.

१८ मार्च, शनिवार. सकाळी नऊ.

आज सामान चढवणार. पलंग, टेबल, पुस्तकांची सात खोकी. मग भरलेल्या गाडीची चाचणी. रिकामी गाडी कोणीही थांबवतो. गल्लीचा उतार चाचणीला उत्तम.

१८ मार्च, संध्याकाळी साडेसहा.

कोणाला काही झालं नाही. हे आधी लिहितो.

वेग चालत्या माणसाएवढा होता. उतारावर ब्रेक दाबला. ब्रेक ऐकू आला, पण लागला नाही. पुन्हा दाबला. पुन्हा ऐकू आला. मागचे ब्रेक नावापुरते आहेत. हँडब्रेकची केबल गेल्या वर्षी तुटली, पण हँडब्रेकची गरज कधी पडली नव्हती, म्हणून बदलली नाही.

वळणावर मास्तरांचं कुंपण आहे. होतं. मास्तर ओसरीवर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. गाडी त्यांच्यापासून तीन हातांवर, पाण्याच्या टाकीला टेकून थांबली. त्यांनी फक्त पाय वर घेतले. टेबलाचा एक पाय मोडला, एक खोकं फुटलं, पुस्तकं त्यांच्या कुंड्यांत पडली.

मास्तर म्हणाले, बसा जरा, पाणी घ्या. एवढंच म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

बायको मला न विचारता फोन करून मोकळी झाली. गॅरेजवाला आला. पाच मिनिटांत चाक काढलं. आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा आत. अतिशय आदराने विचारलं, साहेब, हे कोणी बसवलं?

मुलगी कुंड्यांतली पुस्तकं वेचत होती. तिने मान वर केली नाही.

त्याने दुसरं चाकही काढलं. मास्तरांनाही बोलावून दाखवलं. म्हणाला, खरखरीत बाजूच ब्रेक लावते, ती डिस्ककडे हवी. सव्वीस वर्षांच्या धंद्यात उलटा पॅड तीनदा पाहिला, पण एखाददुसरा. चारच्या चार उलटे आज पहिल्यांदा. जुने लोखंडापर्यंत झिजवलेत म्हणून तुम्हाला सरळ-उलट कळलं नाही, असंही म्हणाला. लोखंडाने लोखंड खाल्लं, दोन्ही नव्या डिस्क वाया. मग एक पॅड आठवण म्हणून ठेवू का, असं विचारलं. मी ठेवा म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

नवे पॅड-डिस्क उद्या मिळणार नाहीत, दुकान बंद. टेम्पोवाल्याने एवढ्या ऐनवेळी नाही म्हणून सांगितलं. त्याला आधी कळवलं असतं तर आला असता. आधी कळवू नका असं मीच सांगितलं होतं. हे बायको बोलली नाही. तिने ते न बोलता तीनदा माझ्याकडे पाहिलं.

शेवटी गॅरेजवाला म्हणाला, माझा टेम्पो आहे, सकाळी मी सोडतो, पोरीची नोकरी चुकायला नको.

१९ मार्च, रविवार. सकाळी साडेआठ.

गेले.

टेम्पोत पुढे तीनच सीट. गॅरेजवाला, बायको, मुलगी. बायको खोली लावून उद्या परतणार. मी मागे पलंगावर बसून येतो म्हटलं. गॅरेजवाला म्हणाला, साहेब, ते सेफ नाही. हे त्याने मला सांगितलं.

निघताना मुलगी खाली उतरून परत आली. मला वाटलं, काहीतरी बोलेल. म्हणाली, बाबा, अंगठ्याला औषध लावत राहा.

बावीस वर्षांपूर्वी तिला मांडीवर घेऊन बायको बसली होती आणि मी ताशी वीसच्या वर गेलो नव्हतो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

टेम्पोचं सस्पेन्शन भिकार आहे, हेही नोंदवतो. वळणावर हेलकावत गेला. पण थांबायच्या जागी थांबला, पलीकडचा रस्ता पाहिला आणि मग गेला.

२४ मार्च, शुक्रवार.

पिकअप परत आली. गॅरेजवाल्याने हँडब्रेकची केबलही टाकलीय, मी न सांगता.

गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. ब्रेक दाबला. जागच्या जागी उभी, आवाज नाही. रेडिओ बारीक होता, बातम्या अगदी स्पष्ट ऐकू आल्या. वळून परत आलो. मास्तर नवीन कुंपण ठोकत होते. गाडी दिसल्यावर जरा मागे सरकले.

अंगण आवरलं. पॅडचा डबा फेकायला घेतला. वर चहाच्या पेल्याची गोल गोल वर्तुळं. त्यांच्याखाली चित्र: डिस्क, पॅड, बाण. चित्राच्या बाजूला पेन्सिलने मुलीच्या अक्षरात: बाबा, ही बाजू डिस्ककडे. प्लीज एकदा बघा. तारीख १२ मार्च.

त्यावर मी सहा दिवस चहा प्यायलो.

डबा फेकला नाही. कपाटात ठेवला.

संध्याकाळी तिचा फोन. नोकरी बरी आहे, माणसं बरी आहेत, टेबलाच्या मोडक्या पायाखाली पुस्तकं लावलीत. ब्रेक कसे आहेत? मी म्हटलं, उत्तम. कोणी केले? मी म्हटलं, गॅरेजवाल्याने. मग तिने विचारलं, पुढच्या महिन्यात सुट्टीला मला न्यायला याल ना, पिकअप घेऊन?

मी म्हटलं, गॅरेजवाल्याला विचारून सांगतो.