आईनं सोडलेलं मीठ

२ सप्टेंबर, सदलगा

सुट्टी मिळाली एकदाची. निपाणीहून बसनं आले. आई दारातच उभी. केवढी वाळलीय! मी हेलिकॉप्टर घेऊन लढाईवर गेले त्या दिवशी तिनं आमच्या जैन बस्तीत देवापुढं नेम घेतला होता: पद्मा घरी येईपर्यंत मीठ बंद. म्हटलं, आले ना, आता सोड नेम. "बघू," म्हणाली.

३ सप्टें.

दिवस मावळायच्या आत जेवणं. आईच्या ताटात पुन्हा अळणी आमटी. माझा थोरला भाऊ अण्णा मान वर करेना. मी चिडले, तेव्हा ती बोलली.

"तुज्या हेलिकॉप्टरला रॉकेटं हुती न्हवं?"

"होती."

"तू सोडलीस?"

"हो."

"खाली मानसं हुती?"

होती म्हटलं. खोटं बोलायचासुद्धा कंटाळा आलाय.

ती हात धुऊन उठली.

४ सप्टें.

सकाळी म्हणते, "तुज्यासाठीचा नेम संपला. ह्यो त्येंच्यासाठी."

त्यांच्यासाठी! माझ्या मैत्रिणीचं, सुजाताचं हेलिकॉप्टर त्यांनीच पाडलं. एका ताटात जेवायचो आम्ही. ओळखायला नुसते बूट उरले. डोकंच फिरलं माझं. विचारलं, मी मेले असते तर किती दिवस मीठ सोडलं असतंस?

"कायमचं," म्हणाली आणि पाणी गाळायला बसली.

६ सप्टें., निपाणी

आई मोरीत पडली. दवाखान्यात आणलं. बीपीची गोळी चालू, वर मीठ बंद. सोडियम पार घसरलंय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर झटके येतील, जिवावर बेतेल. सलाईन मात्र लावू दिली. "त्ये तोंडानं न्हाय," म्हणे. हसू आलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

८ सप्टें., सदलगा

काल घरी सोडलं. आज युनिटचा फोन, सुट्टी रद्द. वर लढाई परत पेटलीय. अण्णानं बाजूला घेतलं. "आता फकस्त जखमी आनायचं काम हाय, रॉकेट न्हाय, म्हनून सांग की गं तिला. मीठ खाईल तरी."

आईसमोर बसले. तिनंच विचारलं, "परत सोडनार?"

आमची पोरं वर अडकली असतील तर सोडणार, म्हटलं. अण्णा ताडकन उठून बाहेर गेला. आईनं माझा हात मात्र धरून ठेवला होता.

९ सप्टें.

निघताना डबा दिला. दशम्या, शेंगाची चटणी. नको म्हटलं तरी भिंतीला धरून स्वतः केलंय. "चाखून बघता आलं न्हाय गं. मीठ कमी-जास्त असंल, चालवून घे."

पाया पडले. तिचे हात थंडगार.

१० सप्टें., तळावर

अण्णाचा फोन लागत नाही. दोनदा केला.

पहाटे निघायचंय. रॉकेटं चढवून झाली.

डबा उघडला. चटणीत मीठ फार पडलंय. सगळी खाल्ली.