शिट्टी वाजली होती

अहो,

काल सुदामच्या पोराचं बारसं झालं. आज माळशिरसहून सोलापुरात उतरले आणि हातपायसुद्धा न धुता लिहायला बसले. तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात मी तुमच्याशी फक्त भांडले. आता तुमची बाजू कळली, तर ऐकायला तुम्ही नाही!

त्या घाटात तुम्हाला नेलं कुणी? माझ्याच भावानं. चिंचोळीच्या कारखान्यातली तुमची वॉचमनची नोकरी सुटली तेव्हा सुदाम म्हणाला होता, "दाजी, माझ्या साइटवर चला. मी पोकलेन चालवतो तितंच. डोंगर कापून रस्ता रुंद करत्यात. तुमी नुसतं डोंगराकडं बघायचं, माती हलली की शिट्टी मारायची. लई सोपं काम हाय."

डोंगराकडं बघायचं! आपल्या सपाट मुलखातल्या माणसानं!

सुरुवातीला फोनवर किती हौसेनं सांगायचात. वर भेग दिसली की तिच्यावर चुन्याची आडवी रेघ ओढायची, रेघ तुटली की डोंगर सरकतोय. खडे घरंगळले, झऱ्याला गढूळ पाणी आलं, की शिट्टी. शिट्टी वाजली की सगळ्यांनी मशिनी सोडून पळायचं. डोंगर वरनं पायऱ्या पायऱ्यांनी कापत यायचा, कापलेल्या भागावर लोखंडी जाळी ठोकल्याशिवाय खाली उतरायचं नाही.

पुढं पुढं भीती वाटते म्हणायला लागलात. "एवढं सगळं करतात, मग भीती कसली?" मी विचारलं.

"पावसाच्या आत रस्ता चालू करायचाय म्हणं. वरची जाळी ऱ्हायली, आन् खालनं कापाय लागल्यात."

तुम्ही भित्रेच होता, खोटं कशाला बोलू? घरात पाल दिसली तरी मला हाक मारायचात. तिथं खडा घरंगळला की शिट्टी. काम थांबायचं, पोरं हसायची. शेवटी साहेबानं सगळ्यांदेखत दम दिला, माती पडताना डोळ्यांनी दिसल्याशिवाय वाजवलीस तर घरी पाठवीन. त्या दिवशी तुमचा आवाज किती बारीक झाला होता! आणि मी काय म्हणाले? "साहेबाचं ऐका की. परत घरी बसायचंय का?"

मग दरड आली.

तुम्हाला घरी आणलं तेव्हा बरोबर कंपनीचा माणूस आला होता. दारातच म्हणाला, "ड्युटीवर लक्ष नव्हतं त्यांचं. शिट्टी वाजलीच नाही. तुमच्या भावानंच जबाब दिलाय." सख्खा भाऊ कशाला खोटं बोलेल? मी खरं मानलं. दहाव्याला बायका रडत होत्या आणि मी म्हणत होते, "एक शिट्टी वाजवायची, तेवढंसुद्धा जमलं नाही ह्या माणसाला!" तुमच्या आईंसमोर म्हणाले. त्या उठून आत गेल्या.

परवा सुदाम जवळ येऊन बसला. "आक्का, पोराचं नाव दाजींचंच ठिवायचं. नागनाथ. आत्या म्हणून कानात तूच सांगायचं."

"का रे, एवढा पुळका?"

तो म्हणाला, "दाजी नसते तर मी नसतो, आक्का."

शिट्टी वाजली होती. जीव तोडून वाजवलीत तुम्ही. खालची पोरं नेहमीसारखी हसली. सुदामनं केबिनमधून हात हलवला, जावा, बसा जाऊन. तुम्ही समोरच्या कडेला होता. तिथं काहीच पडलं नाही. तिथंच राहिला असतात तर? तुम्ही धावत खाली आलात, मशीनवर चढलात, कॉलर धरून त्याला बाहेर ओढलंत, ढकललंत. तो पलीकडे पडला. तुमच्यावर डोंगर आला.

पालीला भिणारा माणूस!

"मग तसा जबाब का दिलास?" मी ओरडले.

"शिट्टी वाजली म्हटलं असतं तर काम का थांबलं न्हाय, ते इचारलं असतं. सायेब म्हणाले, ते तर गेले, तू तुझं बघ."

मी आईकडे गेले. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "गेलेला माणूस येतुय का परत? हाय त्याला तरी सुखानं राहू दे की."

तिचाच लेक वाचवलात हो तुम्ही!

काल पाळण्यापाशी बायका कुजबुजल्या, विधवेनं कशाला नाव ठेवायचं. सुदाम तेवढा ठामपणे म्हणाला, "आक्काच ठिवंल." मी पोराला घेतलं. कोमट, दुधाचा वास येणारं. धपाटे घालायला बायका माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या. मी मान वर करून विचारलं, "सुदाम, शिट्टी वाजली होती का नव्हती? सगळ्यांसमोर सांग."

आई म्हणाली, "बारशात तमाशा नको."

सुदामनं तिच्याकडं बघितलं, मग पोराकडं.

"न्हाय वाजली," तो म्हणाला.

मी पोराच्या कानाला तोंड लावलं. "तुझा बाप जिता आहे तो नागनाथमुळं. आणि तुझा बाप खोटा आहे." बायकांनी कुर्र करत पाठीत धपाटे घातले. मोठ्यानं मी नाव सांगितलं, नागनाथ. घुगऱ्या वाटल्या. सुदामचा चेहरा उजळला, जणू सगळं फिटलं!

सोमवारी तो त्याच डोंगराखाली कामावर जाणार. तुमच्या जागी त्यांनी दुसरा माणूस ठेवलेला नाही. आई म्हणते, भावासाठी देवाला नारळ ठेव. मी ठेवणार नाही.

उद्या गावी तुमच्या आईंकडे जाते. त्यांच्या लेकाचं लक्ष होतं, शिट्टी वाजली होती, हे त्यांना मीच सांगायला हवं.

आणि तुम्हाला शब्द देते. आत्याला दारातून कुणी परत पाठवत नाही. मी प्रत्येक सणाला माळशिरसला जाईन, पोराला मांडीवर घेईन, माझा लळा लावीन. ते मोठं होईल, माझं नाव असं का ठेवलं म्हणून विचारील. त्या दिवशी त्याच्या बापाला समोर बसवीन आणि म्हणेन, "सुदाम, आता तू सांग."

तुमची,
शालन