आई-हॉल

१२ जानेवारी, रविवार

सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसला रामराम. आजपासून शहराबाहेर मांजरी गावात अख्खा फ्लॅट माझा, भाड्याचा का होईना. समोर ऊस, वर आभाळ, आणि आंघोळीला नंबर लावायचा नाही. आधीच्या भाडेकरूचा राउटर इथेच आहे, पासवर्ड डब्याच्या पोटावर चिकटवलेला. मोबाइलला रेंज फक्त गॅलरीत मिळते, तीही कठड्याला चिकटून उभं राहिलं तर. म्हणजे घरून काम करणाऱ्या माणसाचा सगळा संसार या डब्यावर.

शेजारी सरुबाई राहतात. समोरच्या उसातला बराचसा त्यांचा होता. जमीन बिल्डरला दिली आणि त्याच्याच इमारतीत फ्लॅट घेतला. एकट्याच असतात, मुलगी तनुजा कॅनडात. संध्याकाळी भाकरी आणि मेथी घेऊन आल्या. हातावर कोपरापर्यंत हिरवं गोंदण. आपल्या घराची जादा किल्ली माझ्याकडे ठेवली आणि माझी मागून नेली. आधीच्या मुलाशीही अशीच अदलाबदल होती म्हणे. जाताना विचारलं, "नेट हाय का रं तुझ्याकडं?" म्हटलं, झकास आहे मावशी. या वयात नेटची चौकशी, मला कौतुकच वाटलं.

१५ जानेवारी, बुधवार

कसलं झकास. मीटिंगमध्ये साहेब तोंड उघडं टाकून गोठले, ते जेवायच्या सुट्टीपर्यंत तसेच. राउटर बंद करून चालू केला, वायर काढून फुंकून पुन्हा लावली, डबा खिडकीत नेऊन ठेवला. शेवटी राउटरच्या पानावर जाऊन कोण कोण जोडलंय ते पाहिलं. माझा लॅपटॉप, माझा फोन आणि तिसरं नाव, 'आई-हॉल'. सिग्नलची एकच काडी, म्हणजे भिंतीपलीकडून. दिवसभर व्हिडिओ पाठवत बसलेलं.

उलगडा झाला. सरुबाईंच्या हॉलमधला कॅमेरा. लेक तिकडून आईवर नजर ठेवते, आणि नेट माझं. आधीच्याने पासवर्ड दिला असेल, पण मला विचारायची काही पद्धत? ब्लॉक करून टाकलं. नेट लगेच पळायला लागलं.

संध्याकाळी सरुबाई दारात. तोच प्रश्न. आत मॅच चालू होती, मी आवाज बंद करून दार उघडलं होतं. हो म्हटलं तर पासवर्ड द्यावा लागेल, आणि एकदा दिला की कायमचा. म्हणून म्हणालो की माझंही बंद आहे, कंपनीचाच घोळ आहे. त्या म्हणाल्या, असू दे, गॅलरीतून तनूला फोन करून सांगते, नाहीतर पोर घाबरंल. आणि पदरातले ओले हरभरे माझ्या हातावर ठेवून गेल्या.

हरभरे गोड होते. दुसरी मूठ खाववली नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी वाटलं, सुरू करून द्यावं. पण उद्या प्रेझेंटेशन आहे. रविवारी त्यांच्याकडे जाऊन नीट बोलेन.

१८ जानेवारी, शनिवार

सरुबाईंच्या दाराला दुधाच्या पिशव्या तशाच लटकलेल्या, कालची आणि आजची. बेल वाजवली, मग त्यांनीच दिलेल्या किल्लीने दार उघडलं. बाथरूममध्ये पडल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, पडल्यावर लगेच गेल्या नाहीत. बराच वेळ होत्या. हाका मारल्या असतील.

कॅमेऱ्याला ऐकू येतं. लेकीने ऐकलं असतं. काल दिवसभर माझ्या कानात हेडफोन होते. प्रेझेंटेशन एकदाही अडकलं नाही.

२१ जानेवारी

तनुजाताईंचा फोन आला. दार उघडल्याबद्दल माझे आभार मानत होत्या. एरवी कॅमेरा बंद दिसला की त्या लगेच चुलत भावाला घरी धाडायच्या. या वेळी आई म्हणाली, शेजारीही बंद आहे, म्हणून त्या निवांत राहिल्या. मी निवांत कशी राहिले, हेच परत परत म्हणत होत्या. रडत होत्या.

मी म्हणालो, तब्येतीला जपा. एवढंच म्हणालो. लाज वाटते.

फोन ठेवल्यावर 'आई-हॉल'चा ब्लॉक काढला. आता काढून काय उपयोग.

२४ जानेवारी

दुपारी नेट गेलं. दिवे सगळे हिरवे, पण काहीच उघडेना. राउटरचं पान तेवढं उघडलं. त्यात 'आई-हॉल', जोडलेलं.

त्यांच्या फ्लॅटचा मेन स्विच सोसायटीने कधीच बंद केलाय.

२५ जानेवारी

नेट कंपनीचा माणूस येऊन गेला, समाधान नावाचा. लाइन ठणठणीत आहे म्हणाला. राउटर पार कोरा केला, नवा पासवर्ड टाकायला लावला. मी मनातल्या मनात ठरवून टाकला, तोंडाने उच्चारलासुद्धा नाही.

चहा टाकेपर्यंत 'आई-हॉल' पुन्हा हजर.

समाधान आधी म्हणाला, जुनं नाव कधी कधी राहतं. मग सिग्नलच्या काड्या बघून म्हणाला, हे भिंतीपलीकडे नाही, अलीकडे आहे. चहा न घेताच गेला.

२७ जानेवारी

आणखी एक काडी वाढली.

तनुजाताई तेराव्याला येतायत. त्यांना मेसेज लिहिला, त्या आठवड्यात खरंच सगळ्यांचं नेट बंद होतं. पुन्हा खोटं. पाठवायला बोट टेकवलं आणि नेट गेलं.

बेल वाजली. बाहेर कुणी नाही. उंबऱ्यात ओले हरभरे —

खोटं पुसलं. खरं लिहायला घेतलं. जमलं नाही.

२९ जानेवारी

राउटरची पिन सॉकेटमधून काढून ठेवलीय. डबा मांडीवर आहे. दिवे हिरवेच.

काड्या पूर्ण भरल्या. म्हणजे इथेच. या खोलीत —

स्वयंपाकघरातून मेथीचा वास. मी काही शिजवलेलं नाही.

३० जानेवारी, दुपार

गॅलरीत उभा असताना फोन आला, तनुजाताई उतरल्या. विमानतळावरून निघाल्यात. आल्या की सांगणार. नक्की —

त्यांचा मेसेज आला. पिन काढलेलीच आहे, तरी आला.

आईचा कॅमेरा सुरू झालाय, पण त्यात आईचा हॉल दिसत नाही, असं लिहिलंय. तुम्ही दिसताय. टेबलाशी पाठमोरे, वहीत लिहिताय. अक्षरसुद्धा वाचता येतंय. कॅमेरा तुमच्या खांद्याशी कुणी धरलाय?

लगेच दुसरा. कडेला हात दिसतोय. गोंदण आईचं आहे.

मागे बघत नाही. लिहीत राहतो.

कानाशी कुणीतरी विचारतंय. हळू. तोच प्रश्न —

तनुजाताई, मोठ्या अक्षरात लिहितो, वाचा. नेट बंद नव्हतं. तुमची चूक नाही. आई विचारायला आली तेव्हा माझं नेट चालू हो—