पिवळं कसं लिहिलंस?

३ सप्टेंबर
चि. ठमीस आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.
पत्र पोचलं. मी दिलेलं टेकडीवरचं रानफूल तुझ्या अंगणात तिसऱ्या वर्षी फुललं, 'सगळं पिवळंधमक झालंय' असं लिहिलंस. अगं, ते फूल निळं असतं. माझ्या दाराशी पंधरा वर्षं वाळतंय नि मुळापासून पुन्हा उठतंय, एकदाही पिवळं झालं नाही.
शिवाय दीड वर्ष तू पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर मागवतेस. बत्तीस वर्षं टपाल निवडण्यात घालवलेल्या बाईला, माणसं पत्ता का बदलतात ते ठाऊक असतं. कुठेतरी पाणी मुरतंय.
माया आहेच, ती आटवू नकोस.
आत्या

११ सप्टेंबर
ती. आत्यास सा. न. वि. वि.
तू पोलिसात जायला हवं होतंस. घाईत रंग चुकला, इतकंच. घरी पत्रं गहाळ होतात म्हणून ऑफिसचा पत्ता. हे मजेत आहेत, तुला नमस्कार सांगतात. पुराव्यादाखल अंगणातलं एक फूल वाळवून पाठवतेय, निळंच आहे.
लोभ असू दे, संशय नको.
ठमी

१८ सप्टेंबर
चि. ठमीस अ. उ. आ.
फूल मिळालं. देठाला फुलवाल्याची तार आहे. आपलं रानफूल कुठलाच फुलवाला ठेवत नाही. आणि जावईबापूंनी सात वर्षांत मला कधी नमस्कार सांगितलेला नाही.
मी रागावले नाहीये गं. मला भीती वाटतेय.
आत्या

२४ सप्टेंबर
ती. आत्यास सा. न. वि. वि.
दीड वर्षापूर्वी मी घर सोडलं. त्यांचा हात उठायला लागला होता. तेव्हा तुझं ऑपरेशन झालेलं, म्हणून लपवलं. मग एका थापेवर दुसरी चढत गेली. एका बाईंच्या माडीवर भाड्याने राहते. रोप तिकडेच राहिलं. ते फुललेलं मी पाहिलंच नाही.
रागाव, पण पत्र लिहीत जा.
ठमी

२९ सप्टेंबर
चि. ठमीस आशीर्वाद.
रडून झालं, आता बॅग भरलीये. मी येतेय. खोली लहान आहे, दोघींना जमायचं नाही, मी अगदी ठीक आहे, असलं काही लिहू नकोस. तुझ्या लिहिण्यावर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही.
उलट टपाली माडीचा पत्ता कळव. तेवढा एक खरा लिही.
तुझीच आत्या