कुलूप ओढून बघणारी

प्रिय चिमणे,

फोनवर मी विषय टाळला म्हणून तू रागावलीस, कळलं मला. "आत्या, तू एकदा हो म्हण, बाकीचं मी बघते," म्हणालीस आणि मी दूध उतू जातंय सांगून फोन ठेवला. दूधबीध काही नव्हतं गॅसवर. तू तोंड एवढंसं केलंस की मला नाही म्हणता येत नाही, लहानपणापासूनचं आहे ते, म्हणून लिहायला बसले. सोमवारपासून तुम्ही बनवलेला तो कॉम्प्युटरमधला एजंट आमच्या डायलिसिस केंद्राचं वेळापत्रक एकट्याने सांभाळणार की नाही, हे माझ्या शेऱ्यावर ठरणार आहे, आणि तुझ्या एवढ्या कष्टांचं काय होणार तेही. डॉक्टरीणबाईंनी हे माझ्या गळ्यात घातलं, कारण टेबलामागे बसून लोकांना खुर्च्या नेमून देण्यातच माझे केस पांढरे झाले.

आधी कौतुक करते, मग कान धरते. एजंट म्हटलं की मला विमेवालाच आठवायचा, दार उघडायच्या आधीच बोलायला लागणारा. तुमचा तसा नाही. एक मशीन अचानक बंद पडलं तेव्हा त्याने सगळ्यांच्या वेळा अशा काही जुळवल्या, की मी नुसती बघत राहिले. आमच्याकडे डायलिसिसला येणारे शिंपीकाका कुणाचं म्हणून ऐकत नाहीत, पण त्याच्याशी गप्पा मारत बसतात. मला तर वाटतं, माझ्यापेक्षा त्याच्यावरच त्यांचा जीव जास्त.

आणि नेमकं त्यांच्याच बाबतीत झालं. गेल्या आठवड्यात काकांची वेळ बदलली. एजंटने पेशंटना ने-आण करणाऱ्या गाडीवाल्यांकडे निरोप पाठवला, तिकडून उत्तरच आलं नाही, आणि याने काकांना कळवून टाकलं की गाडी ठरली, निश्चिंत राहा. काका मांडीवर पिशवी घेऊन फाटकापाशी बसून राहिले. मला त्यांची खिडकीजवळची खुर्ची रिकामी दिसली म्हणून मी फोन केला, तोवर त्यांना धाप लागली होती. आता बरे आहेत. उलट मलाच म्हणाले, पोराला रागावू नका. पोर म्हणजे तुमचा एजंट, बरं का.

तुमच्या टीमने लगेच दुरुस्ती केली, मान्य. आता काम झालं की दुसरा एजंट पहिल्याला विचारतो, नीट झालं ना. पहिला म्हणतो झालं, दुसरा म्हणतो छान. मी काय केलं, खोट्या नावाने एक वेळ नोंदवली आणि गाडीवाल्यांना सांगून तिकडचा कॉम्प्युटर बंद ठेवायला लावला. दोघांनीही छातीठोकपणे सांगितलं, गाडी येतेय. इतकं हसू आलं, आणि मग अजिबात आलं नाही.

तुझे आजोबा घड्याळांचं दुकान बंद करायचे ते आठवतं? कुलूप ते लावायचे, पण ओढून बघायचं काम माझं, नाहीतर तुझ्या बाबाचं. आम्ही कंटाळून नुसतं विचारायचो, लावलंत ना नीट? तर चिडायचे. म्हणायचे, "मला काय विचारता, कुलपाला विचारा." लावणाऱ्याच्या मनात ते लागलेलंच असतं गं, त्याचा हात जोर लावत नाही. तुमचा दुसरा एजंटही पहिल्यालाच विचारत बसलाय. त्याला गाडीवाल्यांकडे पाठव. कुठली गाडी, कोण ड्रायव्हर, हे तिकडून आल्याशिवाय त्याने झालं म्हणायचं नाही. उत्तर नाही आलं तर सरळ सांगावं, मला माहीत नाही, आणि कुणातरी माणसाला उठवावं. माहीत नाही म्हणायला लाज कसली? तुला शाळेत तेवढंच तर छान यायचं.

हे पत्र मी दोन दिवस बसत-उठत लिहितेय. मागे आलीस तेव्हा जिन्यात मधेच टेकले, तर तू म्हातारी झालीस म्हणून चिडवलंस. तेव्हा मीही हसले.

ते म्हातारपण नव्हतं, चिमणे. माझ्या किडन्या थकल्यात. पुढच्या महिन्यापासून डॉक्टरीणबाईंनी मलाही खुर्ची नेमून दिली आहे, शिंपीकाकांच्या शेजारची. तुझ्या बाबाला मी सांगेन, तू घाई करू नकोस. मग टेबलामागे मी नसेन, आणि एखाद्या दिवशी रिकामी खुर्ची दिसली तर ती माझीच असेल. भीती वाटते, तुझ्यापासून काय लपवू. म्हणून शेऱ्यात 'अजून नाही' असं लिहून दिलंय. पण डॉक्टरीणबाईंना हेही सांगितलंय, की दुसऱ्या कुणाचं यंत्र आणायचं नाही, आमच्या पोरीचंच येईल. तेव्हा रुसून बसू नकोस. ते नीट करून आण, आणि सुरू करशील तेव्हा पहिलं नाव माझं घाल.

तू लावलेलं कुलूप ओढून बघणारी,
तुझीच
आत्या